इंजिन बांधायचे की बदलायचे: नागपूरच्या गाडीमालकाने निर्णय कसा घ्यावा

गाडीच्या मागून निळसर धूर दिसू लागला, ऑइल वारंवार भरावे लागू लागले किंवा भर उन्हात गाडी गरम होऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली, की गॅरेजमध्ये पहिले वाक्य कानावर पडते ते "इंजिन उतरवावे लागेल" हे. त्यानंतर दोन मार्ग समोर ठेवले जातात: आहे तेच इंजिन खोलून नव्याने बांधणे किंवा दुसरे इंजिन आणून बसवणे. दोन्हींचा खर्च मोठा असल्यामुळे मालक साहजिकच आकडा विचारतो आणि ज्याचा आकडा कमी तो मार्ग धरतो. माझे म्हणणे असे की या प्रश्नाची सुरुवात आकड्यापासून होऊच नये. इंजिन कशामुळे गेले आणि त्यातले नेमके काय गेले, हे मोजून कळेपर्यंत बांधणे परवडेल की बदलणे, हे निष्णात मिस्त्रीलाही सांगता येत नाही. म्हणून पुढची सगळी मांडणी मोजमापाच्या बाजूने आहे.

इंजिन खरोखर गेले आहे का

निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, एवढेच निश्चित. ते कोणत्या वाटेने जळणाऱ्या जागेपर्यंत पोहोचते, हे धुराच्या वेळेवरून बरेचसे कळते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर धुराचा एक लोट येतो आणि मग धूर थांबतो, किंवा फ्लायओव्हरवरून उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर तो दिसतो, तेव्हा बहुधा वॉल्व्हचे सील कडक झालेले असतात. हे काम हेडपुरते, म्हणजे सिलिंडरांवरच्या वॉल्व्ह असलेल्या भागापुरते असते. अनेक इंजिनांत ते हेड न उतरवताही होते. डिझेल गाडीत टर्बोचे सील गेले तरी तसाच निळा धूर येतो, आणि अशा वेळी इंजिन बांधून काहीही साध्य होत नाही. चढावर, भार असताना, सतत निळा धूर येत असेल आणि चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर तिथून जोरात वाफ बाहेर फेकली जात असेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्या नळकांड्यात सरकतो ते) यांच्याबद्दल शंका घ्यावी. मिस्त्री यालाच ब्लो बाय म्हणतात. त्या वेळीही क्रँककेसमधली वाफ बाहेर नेणारा पीसीव्ही वॉल्व्ह तुंबलेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

पांढरा धूर वेगळा. डिसेंबरच्या थंडीत सायलेन्सरमधून निघणारी वाफ आणि थेंबथेंब पाणी हा बिघाड नव्हे. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंट कमी होत गेले, तर हेड गॅसकेट (हेड आणि खालचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे मुख्य धड, यांच्या मधले सील) किंवा हेडला गेलेला तडा हे कारण संभवते. काळा धूर हा इंधन जास्त किंवा हवा कमी पडत असल्याचा परिणाम असतो. इंजेक्टर, एअर फिल्टर आणि सेन्सर तपासावेत, इंजिनाला हात लावू नये.

आवाजाचेही तसेच आहे. वरून येणारी बारीक टकटक टॅपेटची किंवा टायमिंग चेनची असू शकते आणि त्यासाठी पूर्ण इंजिन खोलण्याची गरज नसते. खालून येणारा, भार दिला की वाढणारा जड ठोका बिग एंड बेअरिंगचा, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँक या मुख्य दांड्याला जोडतो तिथला असतो. हा ठोका ऐकू आल्यावर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये, टो करून न्यावी. त्या शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये जे इंजिन बांधता आले असते ते भंगारात जाऊ शकते.

मोजमाप

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो याची. इंजिन गरम असावे, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, पेट्रोल गाडीत सगळे प्लग काढलेले असावेत आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा. चांगल्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा दाब साधारण १५० ते २०० पीएसआय भरतो. डिझेलमध्ये तो ३०० पीएसआयच्या वर असतो आणि त्यासाठी वेगळे गेज लागते. नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधला फरक: तो १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. चारही सिलिंडर सारखेच कमी असतील तर इंजिन एकूणच झिजले आहे. शेजारचे दोनच कमी असतील तर त्यांच्या मधले हेड गॅसकेट जळाले असण्याची शक्यता मोठी. एकच कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा दाब घ्यावा. दाब लक्षणीय वाढला तर दोष रिंगांचा आणि बोअरचा, वाढला नाही तर वॉल्व्हचा किंवा गॅसकेटचा. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर फार थोडी जागा असल्यामुळे तिथे ही ऑइलची युक्ती करू नये.

ज्या गॅरेजमध्ये लीकडाउन गेज आहे तिथे दुसरी तपासणी करून घ्यावी. पिस्टन अगदी वर आणून, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना, सिलिंडरमध्ये कंप्रेसरची हवा सोडतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. ऑइलच्या झाकणातून सूं असा आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनटेक वॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा तडा. ही तपासणी मालकाने स्वतः उभे राहून पाहावी. ती समजायला तांत्रिक ज्ञान लागत नाही.

तिसरे मोजमाप ऑइलच्या दाबाचे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो, म्हणून सेन्सरच्या जागी खरे गेज लावून, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दाब घ्यावा. दर हजार आरपीएमला सुमारे १० पीएसआय हा जुना अंदाज आजही कामी येतो. दाब कमी असेल तर पंप, गाळणी किंवा बेअरिंगची झीज यांपैकी एक कारण असते.

चौथी तपासणी स्वस्त आहे आणि नेमकी तीच टाळली जाते. जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा, पिळून पांढऱ्या फडक्यावर पसरावा आणि उन्हात तिरपा धरावा. राखाडी, बोटाला न टोचणारा गाळ नेहमीच्या झिजेचा असतो. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे बोअर, रिंगा, कॅम किंवा चेनचे. चुंबकाला न चिकटणारे रुपेरी कण पिस्टनच्या किंवा बेअरिंगच्या अ‍ॅल्युमिनियमचे असू शकतात. पितळी झाक असलेल्या चकत्या दिसल्या तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतला तांब्याचा थर उघडा पडला आहे आणि क्रँकही घासला गेला असण्याचा संभव आहे. हे दिसल्यावर फक्त रिंगा बदलून भागेल असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

कशामुळे गेले

नागपुरात इंजिने झिजून जातात त्यापेक्षा तापून जातात, असे माझे निरीक्षण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, एसी पूर्ण क्षमतेवर चालू असतो आणि सिग्नलवर उभ्या गाडीच्या रेडिएटरला फक्त पंख्याचा आधार उरतो. त्यात कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरवेलचे जड पाणी भरलेले असेल, तर क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्या आणि ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा अरुंद करून टाकतो. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानाला लवकर येत नाही, ऑइलमध्ये इंधन मिसळते आणि झीज वाढते; तुंबलेला रेडिएटर मात्र तुंबलेलाच राहतो. समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. शहरात कुरकुर न करणारी जुनी गाडी त्या वेगाने तासभर सलग चालली की तिच्या कूलिंगचा कमकुवतपणा उघडा पडतो.

तापून गेलेल्या इंजिनात नुकसान अनेकदा हेडपुरतेच असते. हेड उतरवल्यावर त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) सरकवतात. बहुतेक इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. वाक मर्यादेत असेल तर सरफेसिंग होते, म्हणजे पृष्ठभाग कातून सपाट करतात, मात्र त्याआधी हेडची प्रेशर टेस्ट करून तडा नाही याची खात्री करून घ्यावी. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही त्याच पट्टीने तपासायला सांगावे, कारण नवे गॅसकेट वाकड्या ब्लॉकवर टिकत नाही.

दुसरे कारण पाण्याचे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउटसह अनेक वस्त्यांत उभ्या गाड्या बुडाल्या. अशा गाडीत खरे नुकसान पाण्याने होते त्याहून अधिक ती सुरू करून पाहिल्याने होते. पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना ते वाट अडवते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बुडालेल्या गाडीला किल्ली लावू नये. प्लग किंवा इंजेक्टर काढून, क्रँक पान्याने हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे. रॉड वाकला आहे का, हे ओळखण्याची साधी रीत अशी: हेड उतरवून प्रत्येक पिस्टन अगदी वर आणावा आणि ब्लॉकच्या पृष्ठभागापासूनची त्याची उंची मोजावी. एखादा पिस्टन इतरांपेक्षा मिलिमीटरभर जरी खाली राहिला तरी त्याचा रॉड वाकला आहे. नेहमीच्या विमा पॉलिसीत अशा इंजिनाचे नुकसान बहुधा भरून मिळत नाही; इंजिन प्रोटेक्ट हे जोड संरक्षण घेतलेले असेल तर दावा करता येतो, आणि त्यासाठी विमा कंपनीचा सर्वेअर येण्याआधी इंजिन खोलू नये.

कारण सापडल्याशिवाय इंजिन बांधले किंवा बदलले, तर त्याच रेडिएटरला जोडलेले नवे इंजिनही त्याच वाटेने जाते. रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होस पाइप आणि पंख्याची मोटर यांचा खर्च दोन्ही मार्गांत आधीच धरावा.

बांधणे केव्हा योग्य

ब्लॉक शाबूत असेल, क्रँक ग्राइंड होण्याजोगा (घासून पुन्हा गुळगुळीत करण्याजोगा) असेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर मी बांधण्याच्या बाजूचा आहे. आपल्या इंजिनाचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. आणलेल्या इंजिनाचा नसतो.

इंजिन खोलल्यावर बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, बोअर गेजने मोजावा. त्यातून निमुळतेपणा आणि लंबगोलपणा दोन्ही कळतात. झीज मर्यादेबाहेर असेल तर रीबोअर करून (बोअर किंचित मोठा कातून) ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घालतात किंवा नवे लाइनर बसवतात. इथे एक अडचण येते: प्रत्येक इंजिनासाठी कंपनी ओव्हरसाइज पिस्टन देतेच असे नाही, आणि काही क्रँकवरचा कडक थर ग्राइंडिंग सहन करत नाही. म्हणून इंजिन खोलण्याआधीच पार्ट नंबर घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात चौकशी करावी. मारुतीच्या डिझेल स्विफ्टमध्ये आणि टाटाच्या व्हिस्टामध्ये एकच १२४८ सीसीचे फियाटचे डिझेल इंजिन होते. अशा खूप खपलेल्या इंजिनाचे भाग आणि ते जाणणारे हात आजही सहज सापडतात. कमी खपलेल्या परदेशी गाडीची गोष्ट अगदी वेगळी असते.

हाफ इंजिन काम, म्हणजे पूर्ण इंजिन न बांधता फक्त काही भाग नवे करणे, स्वस्त म्हणून सुचवले जाते. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणे म्हणजे थोड्याच महिन्यांनी पुन्हा धुराची तयारी करणे होय. वरचे हेड नवे करून खालची बेअरिंगे जुनीच ठेवली, तर वाढलेला दाब त्या बेअरिंगांवर येतो. मोजमाप मर्यादेत असेल तरच हाफ काम करावे, खिसा पाहून नव्हे.

काम कुणाला द्यावे, हे या निर्णयाचेच अंग आहे. रीबोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग लेथवाला करतो, बांधतो मिस्त्री, आणि बिघाड झाला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यामुळे लेथवाल्याकडून मोजमापाचे आकडे लिहून घ्यावेत, जुने भाग परत मागावेत, पिस्टन आणि बेअरिंगचे खोके समोर उघडायला सांगावे आणि पक्के बिल घ्यावे.

बदलणे केव्हा भाग पडते

रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, मेन बेअरिंगची बैठकच खराब झाली असेल किंवा ब्लॉकला तडा गेला असेल, तर चर्चेला जागा उरत नाही. बांधण्याचा अंदाज चांगल्या इंजिनाच्या किमतीपेक्षा बराच वर जात असेल, तरीही बदलण्याचा विचार करावा.

कंपनीचे नवे हाफ इंजिन (हेडशिवाय, पिस्टन आणि क्रँक बसवलेला ब्लॉक) मिळाले तर तो उत्तम पण महाग पर्याय असतो. जुन्या इंजिनांपैकी बरीच दिल्लीच्या मायापुरीतल्या किंवा मुंबईच्या कुर्ल्यातल्या भंगार बाजारातून येतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे वयाने बाद झालेल्या, पण फार न झिजलेल्या गाड्यांची इंजिनेही बाजारात आली. मात्र अपघातात किंवा पुरात सापडलेल्या गाडीचे इंजिनही त्याच दुकानात शेजारी ठेवलेले असते. म्हणून ते बसवण्याआधी कॉम्प्रेशन घ्यावे, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिखल आहे का ते पाहावे आणि सांप (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उघडून निदान एक बेअरिंग कॅप काढून आतला पृष्ठभाग डोळ्यांनी तपासावा. कॉमन रेल डिझेल असेल तर इंजेक्टरांचे कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) भरावे लागतात. हे करू शकणारे स्कॅनर गॅरेजकडे आहे का, ते आधी विचारावे. विक्रेत्याची हमी तोंडी नको, किती दिवसांची आणि कशाची हे बिलावर लिहून घ्यावे.

कागद

इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि आरसीवर नोंदलेला असतो. इंजिन बांधले किंवा हेड बदलले तरी तो नंबर तोच राहतो; ब्लॉक बदलला की नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली अशा बदलाची नोंद आरटीओकडे व्हावी लागते. गाडी एमएच-३१ ची असो, पूर्व नागपूरची एमएच-४९ असो की ग्रामीणची एमएच-४०, त्या त्या कार्यालयात इंजिन विकत घेण्याआधीच चौकशी करावी. इंजिन त्याच मॉडेलचे, त्याच इंधनाचे आणि त्याच बीएस निकषाचे असावे. विक्रेत्याकडून बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत घ्यावी, नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नाही हे भिंगातून पाहावे, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती घ्यावी आणि नवा नंबर विमा कंपनीला कळवावा. नोंद नसलेले इंजिन विम्याच्या दाव्यात, विक्रीत आणि पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणात हमखास अडते. बांधण्याच्या बाजूने माझा कौल झुकण्याचे हेही एक मोठे कारण आहे.

हिशोब

आता आकडे. समजा, एक गाडी चालू स्थितीत ३,२०,००० रुपयांना आणि बंद स्थितीत १,३०,००० रुपयांना विकली जाते. फरक १,९०,००० रुपयांचा. इंजिन बांधायला कूलिंगच्या कामासह १,१०,००० लागत असतील तर खर्च सार्थ आहे. दुसरी गाडी चालू १,४०,००० ची आणि बंद ६०,००० ची असेल, तर त्याच कामात विकताना ३०,००० रुपये बुडतात. पण ती आणखी ३ वर्षे वापरायची असेल तर हे नुकसान महिन्याला सुमारे ८३० रुपये होते, आणि गाडीचा सांगाडा, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन चांगले असतील तर ते सोसण्यासारखे आहे. ते चांगले नसतील, किंवा गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असेल, तर इंजिनावर पैसे घालण्याआधी नूतनीकरणाचा आणि हरित कराचा खर्च त्यात मिळवावा. तरीही परवडत नसेल, तर गाडी आहे त्या स्थितीत विकणे किंवा अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात देणे हाच तिसरा आणि प्रामाणिक पर्याय आहे. इंजिन बाहेर असताना क्लच प्लेट, इंजिन माउंटिंग आणि टायमिंग चेन बदलून घेण्याचा खर्चही याच हिशोबात धरावा, कारण त्यासाठी पुन्हा इंजिन उतरवण्याची मजुरी वाचते.

पहिले हजार किलोमीटर

नव्याने बांधलेले इंजिन सुरुवातीला एकाच वेगाने दीर्घकाळ चालवू नये, त्यामुळे समृद्धीवर लगेच नेऊ नये. काटोल रोडसारख्या, वेग कमी-जास्त होत राहणाऱ्या रस्त्यावर मध्यम भाराने चालवावे. रिंगा बोअरमध्ये नीट बसायला हा बदलता भारच लागतो. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून भरावे आणि पहिल्या आठवड्यात रोज सकाळी, इंजिन थंड असताना, त्याची आणि ऑइलची पातळी पाहावी. हेडचे बोल्ट पुन्हा आवळण्याची गरज आहे का, हे मॅन्युअलवरून ठरवावे. अनेक आधुनिक इंजिनांत ते एकदाच ताणायचे असतात. ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान ऑइल आणि फिल्टर बदलावा आणि हा फिल्टरही कापून पाहावा. बारीक करडी भुकटी अपेक्षित आहे. पितळी चकती दिसली तर गाडी तिथेच थांबवून, हमीची मुदत संपण्याआधी, बिलासह ती बांधणाऱ्याकडे परत न्यावी.